दारातून न जाणारे चित्र

१० फूट उंच आणि २० फूट लांब कॅनव्हास म्हणजे २०० चौरस फूट कापड. चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचे सुती कॅनव्हास घेतले तर नुसते कापड साडेसात किलोचे भरते, आणि अस्तर व रंग चढल्यावर त्याच्या दुप्पट. त्याला ताणून धरणारी दोन इंच बाय दीड इंच सागवानी पट्टीची चौकट करायची तर कडेला ६० फूट आणि आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना साधारण तितकीच लाकडे लागतात. तिचे वजन ४५ किलोच्या आसपास जाते. चार माणसे सहज उचलतील एवढाच हा भार. अडचण वजनाची नसते. खेड्यातल्या घराचे दार सहा-साडेसहा फुटांचे असते, खोली १० बाय १२ ची, आणि आढे सोडले तर भिंत जेमतेम आठ-नऊ फूट. हे चित्र त्या घरात मावत नाही, मावले तर दिसत नाही, आणि दिसले तरी बाहेर निघत नाही. मोठ्या चित्राची घरगुती चित्रशाळा उभी करणे म्हणजे या तीन अडचणी रंगाच्या डब्याचे झाकण उघडण्याआधी सोडवणे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर वसलेले कौंडण्यपूर हे असा प्रश्न पडण्याजोगे गाव आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते ओळखले जाते. इथून पंढरपूरला जाणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. इथल्या चित्रकाराला सर्वांत आधी सुचणारा विषय रुक्मिणीहरणाचा, आणि तो विषय छोट्या चौकटीत बसायला तयार नसतो. एका बाजूला भीमकाचे नगर, मध्ये अंबिकेचे देऊळ, त्यातून बाहेर येणारी रुक्मिणी, श्रीकृष्णाचा रथ, मागून धावणारे रुक्मी आणि शिशुपालाचे सैन्य: रथ धावायचा तर त्याच्या पुढे मोकळी जागा हवी आणि पाठलाग दिसायचा तर मागे. आडवी लांबी ही इथे हौस नसून कथेची गरज आहे. नुसती मोठी मूर्ती काढण्यासाठी मोठा कॅनव्हास घेणाऱ्याने मात्र आधी निम्म्या मापावर समाधान होते का ते पाहावे; पुष्कळदा होते.

जागेच्या प्रश्नावर जगातल्या नामवंतांनीही घरगुतीच उपाय केले आहेत. क्लोद मोने याने १८६६ मध्ये बागेतल्या स्त्रियांचे अडीच मीटर उंचीचे चित्र उघड्यावर रंगवायचे ठरवले तेव्हा वरच्या भागापर्यंत हात पोचेना. त्याने बागेत चर खणला आणि कप्पीने कॅनव्हास त्यात खाली-वर करण्याची सोय केली. पिकासोचे ‘गेर्निका’ १९३७ मध्ये पॅरिसमधल्या एका जुन्या इमारतीच्या माळ्यावर रंगले. साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असा तो कॅनव्हास तुळयांखाली सरळ उभा राहीना, म्हणून तिरका टेकवून काम झाले. जॅक्सन पोलॉकला १९४३ मध्ये २० फुटी भित्तिचित्राचे काम मिळाले तेव्हा त्याने न्यूयॉर्कमधल्या राहत्या घराची मधली भिंत पाडली. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने या तिघांपैकी पिकासोला गुरू करावे, हे उघड आहे.

मोनेचा चर वऱ्हाडात अवघडच. काळी कापसाची माती उन्हात भेगाळते आणि पाण्याने फुगते. उन्हाळ्यात खणलेला सरळ कडांचा चर पहिल्या वळवाने ढासळतो. कौंडण्यपुरात तर आणखी एक कारण आहे. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांच्या देखरेखीखाली १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात इथे उत्खनन झाले आणि इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे थर उजेडात आले. अशा पांढरीच्या जागेवर कुदळ चालवणे चित्रकाराचे काम नव्हे.

मराठी मुलखात मोठे चित्र रंगवण्याची खरी शाळा कलाविद्यालयांपेक्षा नाटकाच्या पडद्यांपाशी भरली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे दोघे चुलतभाऊ १९१० ते १९१६ या काळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. ‘पेंटर’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले ते याच कामामुळे. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० चा ‘सैरंध्री’ केला. राजवाडा, अरण्य, रस्ता, तुरुंग असे ठरीव देखावे मोठ्या कापडावर उतरवणाऱ्या या कारागिरांना वेगळी चित्रशाळा क्वचितच मिळे. मंडळीचा मुक्काम असेल तिथले थिएटर, धर्मशाळा किंवा वखार हीच त्यांची जागा. आजही झाडीपट्टीच्या नाटकांत रंगवलेले पडदे लागतात, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीकडे ही विद्या पूर्ण विसरली गेलेली नाही.

पडदा रंगवण्याच्या दोन रीती जगभर रूढ आहेत. इंग्लंडकडे कापड उभे ताणून त्याची चौकट दोरखंड-कप्पीने वर-खाली करत, म्हणजे रंगारी एकाच पातळीवर उभा राही. युरोप खंडात कापड जमिनीवर पसरून लांब दांड्याच्या ब्रशाने उभ्या-उभ्या रंगवण्याची चाल होती. घरच्या चित्रकाराला यांतली दुसरी रीत स्वस्त पडते, कारण तिला उंची लागत नाही. पण तिच्यात एक खोट आहे. जमिनीवरचे चित्र नेहमी तिरक्या नजरेने दिसते, त्यामुळे पायांपासून लांबची माणसे ठेंगणी वाटून ती लांबट काढली जातात. पडद्यावरचे झाड थोडे लांबले तरी चालते, रुक्मिणीचा चेहरा लांबला तर चालत नाही. म्हणून आकाश, जमीन, नदीचे पात्र असे पसरट भाग कापड आडवे ठेवून भरावेत आणि आकृत्यांसाठी ते उभे करावे, ही तडजोड सर्वांत बरी.

पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची बॅनरे रंगवूनच हात बसवून घेत होते. चौरस फुटावर मोबदला मिळणाऱ्या त्या धंद्यात चित्र एकाच वेळी पूर्ण दिसत नाही, तरीही प्रमाण चुकता कामा नये, हा पहिला धडा असतो. १९७५ मधले हुसेन यांचे ‘लाइटनिंग’ १० फूट उंच आणि ६० फूट लांब आहे, पण ते १२ वेगळ्या फळ्यांचे मिळून. ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत चित्रे काढलेले सुधीर पटवर्धन यांनीही २०१४ मधले ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ सात भागांत केले. अखंड कापडाचा हट्ट सोडला की दार, खोली आणि टेम्पो हे तिन्ही प्रश्न एका निर्णयात निम्मे होतात. १० बाय २० च्या चित्राचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १० बाय ५ चा होतो, आडवा धरून दारातून जातो आणि दोन माणसांत उचलला जातो. भागांच्या सांध्यावर चेहरा, हात किंवा रथाचे चाक येऊ नये एवढे मांडणी करताना पाहावे लागते. सांधा देवळाच्या खांबावर किंवा झाडाच्या बुंध्यावर टाकला तर तो डोळ्याला खुपतही नाही.

मोठी चित्रे नाजूक जागी रंगवल्याची आणि गमावल्याची सर्वांत मोठी कहाणी वऱ्हाडाच्या शेजारीच घडली. मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. अजिंठा गावात मुक्काम ठेवून त्याने वर्षानुवर्षे मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्यापैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले ठळक नाव. त्या नकलांतल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत गेल्या. तेल मुरलेले कापड पेट घ्यायला वेळ लावत नाही, आणि मोठे कापड धावपळीत बाहेर काढता येत नाही.

वऱ्हाडात आगीचा मुद्दा पुस्तकी नाही. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते आणि भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. घरातली सर्वांत मोठी, सर्वांत कोरडी खोली नेमकी तेव्हा छतापर्यंत भरलेली असते. चित्रकलेच्या दृष्टीने मात्र हाच हंगाम उत्तम: पाऊस सरलेला, हवा कोरडी, ऊन सौम्य. म्हणजे चित्र आणि कापूस एकाच खोलीवर हक्क सांगतात, आणि कोणता जिंकतो हे सांगायला नको. ते योग्यही आहे. तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर ती उष्णता साचून काडी न लावताही तो पेटू शकतो. शेजारी कापसाचा ढीग असताना हा धोका कोणी पत्करू नये. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. शिवाय कापसाचे तूस हवेत तरंगते आणि ओल्या रंगावर बसते. वाळल्यावर ते काढायला गेले की रंगाचा पापुद्रा निघतो. घरात कापूस असेपर्यंत तैलरंगाऐवजी पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग वापरणे हाच शहाणपणा. तुसाचा उपद्रव त्यानेही टळत नाही, पण हा रंग लवकर वाळतो.

कापूस बाजारात गेला की फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने हाती येतात. मे महिन्यात अमरावतीकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; तेव्हा ॲक्रिलिक ब्रशावरच सुकते आणि टर्पेंटाइनच्या वाफेने बंद खोलीत डोके धरते. पावसाळ्यात उलटे होते. सरस लावलेले कापड हवेतला ओलावा पिऊन ढिले पडते, चौकटीचे लाकूड पीळ खाते आणि मातीच्या भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते.

जागा निवडताना घरातल्या खोलीपेक्षा घराबाहेरचे छप्पर आधी पाहावे. जुन्या वाड्याची सपरी लांब असते पण ठेंगणी आणि खांबांनी तुटलेली. गुरे कमी झालेल्या घरातला कोठा हा त्याहून चांगला: मोठे दार, मोकळी जमीन, उंच आढे. तो आतून धुऊन, जमीन सारवून वा जाड ताडपत्री अंथरून, भिंतीला चुन्याचा हात दिला की काम सुरू करता येते. टिनाचे शेड असेल तर छताखाली तट्ट्यांची दुसरी फळी बांधावी, नाहीतर दुपारी खाली उभे राहवत नाही. गावाजवळ जिनिंग असेल तर हंगाम संपल्यावर रिकामी पडणारी शेड ही खरे तर सर्वांत आदर्श जागा. मालकाशी ओळख असेल तर घरी धडपड करण्यापेक्षा तिथेच बोलणी करावीत.

उजेडाबद्दल युरोपातून आलेला नियम असा की चित्रशाळेला उत्तरेची खिडकी असावी, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. कौंडण्यपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि तिथे हा नियम वर्षभर लागू पडत नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपे ऊन शिरते. मेच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडून जातो. हिवाळ्यात उत्तर निर्धोक असते. उन्हाळ्यात काम लांबले तर उत्तरेच्या उघड्या बाजूला मांजरपाटाचे पांढरे कापड ताणून लावावे. त्यातून गाळून आलेला उजेड सारखा पसरतो. रात्रीच्या कामाला दोन्ही टोकांना सारख्याच रंगाचे दिवे हवेत. एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला निळसर दिवा असेल तर सकाळी चित्राची दोन टोके दोन वेगळ्या दिवसांची वाटतात.

वीस फुटी अखंड कापडच हवे असेल तर ते बहुधा शिवून घ्यावे लागते, कारण बाजारात मिळणाऱ्या कॅनव्हासचा पन्हा एवढा नसतो. पडदे करणारे शिवण आडवी घेतात, म्हणजे कापडाच्या स्वतःच्या वजनाने ती खाली ओढली जाऊन सपाट राहते. शिवण कोणत्या उंचीवर येणार हे आधी ठरवून ती क्षितिजरेषेजवळ किंवा नदीच्या काठावर लपवता येते. ताडपत्री शिवणाऱ्याकडून दुहेरी टाक्याने ती करून घ्यावी. घरच्या मशीनची सुई जाड कॅनव्हासला टिकत नाही.

चौकटीचे कोपरे खिळ्यांनी जाम करू नयेत. सांध्यात पाचरी ठेवल्या तर कापड ढिले पडल्यावर त्या ठोकून ते पुन्हा ताणता येते. मधल्या पट्ट्यांच्या आतल्या कडा रंध्याने उतरत्या कराव्यात, नाहीतर काही महिन्यांत त्यांची रेघ चित्राच्या पुढच्या बाजूवर उमटते. कापड ठोकताना सुरुवात चारही बाजूंच्या मध्यापासून करून समोरासमोर, एक इकडे एक तिकडे, कोपऱ्यांकडे जायचे असते. एका कोपऱ्यापासून निघालेला माणूस दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो कापडाला अशी चुणी पडते की सगळे उसवण्यावाचून गत्यंतर नाही.

अस्तरासाठी पडदे रंगवणारे सरस आणि खडूची पूड वापरत. ते स्वस्त आणि गुंडाळायला लवचीक असते, पण पाण्याचा थेंब सोसत नाही. टिकाऊ चित्राला आज मिळणारा तयार ॲक्रिलिक प्राइमर बरा. २०० चौरस फुटांना एका हाताला दोन ते तीन लिटर लागतो आणि तीन हात द्यावे लागतात. पहिला हात पातळ करून कापडात जिरवावा. दुसरा आणि तिसरा एकमेकांना आडवे-उभे. रंगाचाही हिशेब नळीत न करता डब्यात करावा. आकाशाचा जो निळा लागणार तो एकदाच, पुरून उरेल इतका कालवून झाकून ठेवावा. तोच निळा दुसऱ्या दिवशी पुन्हा कालवला की तो आदल्या दिवसाचा कधीच होत नाही, आणि २० फुटी आकाशात ठिगळ लपत नाही.

छोट्या कच्च्या चित्रावरून मोठे करण्याची सर्वांत भरवशाची रीत चौकड्यांची. एक इंचाला एक फूट धरला तर १० बाय २० इंचांचा कच्चा आराखडा पुरतो. कॅनव्हासवर फुटाफुटावर खुणा करून निळीत बुडवलेली सुतळी दोन माणसांनी ताणायची आणि मधून सोडायची. सुताराच्या या सूत मारण्याच्या युक्तीने बॅनरवाल्यांनी वर्षानुवर्षे नट-नट्यांचे चेहरे चढवले. प्रोजेक्टर लावूनही हे काम होते, परंतु तो कॅनव्हासच्या बरोबर मध्यासमोर आणि सरळ रेषेत नसेल तर चित्र एका बाजूला फाकते. चौकड्या मारून मग प्रोजेक्टरच्या प्रतिमेतल्या चौकड्या त्यांच्याशी जुळतात का ते पाहिले तर फसगत टळते. गावातल्या विजेचा भरवसा धरून मात्र त्यावर अवलंबून राहू नये.

उंचीवर हात पोचण्यासाठी भिंतीला टेकवलेली शिडी ही सर्वांत वाईट सोय. एक हात शिडी धरण्यात जातो, आणि शिडी शेवटी कॅनव्हासलाच टेकते. त्याऐवजी दोन घोड्यांवर जाड फळ्या टाकून सलग परांची करावी. चार फूट उंचीची परांची १० फुटी चित्राला पुरते, आणि तीवरून सात-आठ फूट बाजूला सरकता येते. परांचीची मागची कड मोकळी ठेवू नये. चित्र बरे झाले का हे पाहायला दोन पावले मागे सरकणे ही चित्रकाराची सवय असते. मागे एक बल्ली कमरेइतक्या उंचीवर आडवी बांधली की काम भागते.

मागे सरकण्याची ही सवय निराधार नाही. अडीच फुटांवरून पाहिले तर २० फुटी चित्र नजरेसमोर दीडशे अंशांहून अधिक पसरते, म्हणजे ते एकदम दिसतच नाही. ३० फुटांवर गेले की तोच विस्तार सुमारे ३७ अंशांत येतो आणि मांडणी कळू लागते. कोठ्यात ३० फूट नसतात. समोरच्या १२ फुटांवरच्या भिंतीला आरसा लावून, चित्राजवळ त्याला पाठ करून उभे राहिले तर चित्र २४ फुटांवरून पाहिल्यासारखे दिसते. अशा वेळी आरशाला चित्राच्या निम्मे माप लागते. केशकर्तनालयातून निघालेला पाच फुटी जुना आरसा एकावेळी १० फुटांचा भाग दाखवतो, तेवढ्यावर निभावते. आरशात डावे-उजवे उलटल्यामुळे सरावाने न दिसणाऱ्या चुका, उदाहरणार्थ रुक्मिणीचा एक डोळा किंचित खाली उतरलेला, चटकन लक्षात येतात. मोबाइलने काढलेला फोटोही मांडणी दाखवतो. रंगाच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास टाकू नये. दार परवानगी देत असेल तर आठवड्यातून एकदा चित्र अंगणात काढून लांबून पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग, फक्त दुपारी वारा उठण्याआधी. २०० चौरस फुटांचे ताणलेले कापड वाऱ्यात शिडासारखे वागते आणि नदीकाठी वारा अडत नाही.

पूर्ण झालेले अखंड चित्र बाहेर काढायचे तर चौकटीवरून उतरवून गुंडाळावे लागते. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची असते. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो आणि उलगडताना त्याचे पापुद्रे उठतात. बाहेर ठेवल्यास तो थोडा ताणला जातो आणि नव्या रंगाला ते सोसते. गुंडाळी आठ-दहा इंच व्यासाच्या नळावर, मध्ये स्वच्छ कापड घालून, सैल घ्यावी. पाण्याच्या जुन्या पाइपचे तुकडे यासाठी चांगले, बांबू मात्र बारीक पडतो. तैलरंग बोटाला कोरडा लागला तरी आतून वाळायला महिने लागतात, आणि जाड थर असेल तर तो गुंडाळू नयेच. ‘गेर्निका’ जगभर फिरवताना वारंवार गुंडाळले गेले आणि त्याच्या रंगाला त्यामुळे कायमच्या भेगा पडल्या. चार भागांच्या चित्राला ही भीती नाही; प्रत्येक भागाच्या पाठीवर क्रमांक आणि वरच्या बाजूचा बाण रंगाने काढावा, खडूने नव्हे, आणि जागेवर नेल्यावर चौकटी एकमेकींना नटबोल्टने आवळाव्यात.

देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या सभागृहात टांगताना चित्राची पाठ भिंतीला चिकटवू नये. खाली-वर लाकडी ठोकळे देऊन दोन इंच पोकळी सोडली की पावसाळ्यात मागून हवा खेळते. वरची कड खालच्या कडेपेक्षा तीन-चार इंच पुढे आणली तर समोरच्या खिडक्यांची चमक रंगावर पडत नाही आणि धूळही कमी बसते. समोर समई किंवा उदबत्ती लागणार असेल तर वरून वॉर्निश दिलेले असावे, म्हणजे साचलेली काजळी रंगाला न लागता पुसता येते.